तीनशे मीटरवर डावीकडे

ती म्हणाली, तीनशे मीटरवर डावीकडे,
आणि रिमविदासने सोळा चाकं डावीकडे वळवली.
कोपऱ्यावर पाटी होती, निम्मी काटेरी वेलीत:
लोन गील.
वेल्श माणसाला एवढं पुरे. लोन म्हणजे गल्ली, गील म्हणजे चिंचोळी.
पाटीने आपलं काम चोख केलं होतं,
पण ती ज्या भाषेत ओरडत होती
ती ना त्याला येत होती, ना त्याच्या फोनला.
फोनने अक्षरं जुळवून वाचलं, 'लोन गुल',
आणि चारशे पावलांवर
रस्ता खरोखरच गुल झाला.

म्हणजे, होता. मेंढ्यांपुरता.
दोन्हीकडे नुसत्या दगडावर दगड रचलेल्या पुरुषभर भिंती,
मधे ट्रक, बाटलीत बसलेल्या बुचासारखा.
डावं दार उघडेना, उजवंही नाही.
आरशांचे कान मागेच कुठेतरी गळून पडले.
पाठीवर सव्वीस बाथटब, एकात एक,
समुद्रकाठच्या कुठल्याशा हॉटेलासाठी.

मेरेरिद पलीकडच्या शेतातून टॉर्च घेऊन आली.
वय एकाहत्तर, एक गमबूट हिरवा, एक निळा.
हा यंदाचा चौथा.
पहिल्याकडे लग्नाचा केक होता. तिसऱ्याने फाटक मोडलं
आणि उलट तिच्यावरच डाफरला.
काउन्सिलला तिने पाच पत्रं लिहिली होती.
उत्तर आलं: नकाशा आमचा नाही.
नकाशावाल्यांनी कळवलं: रस्ता आमचा नाही.
भिंत मात्र तिची होती. तिच्या भावाने, इव्होरने, रचलेली,
दोन उन्हाळे, कंबर मोडेस्तोवर.

'डोळे आहेत की खाचा' हे इंग्रजीत कसं म्हणावं
याची तालीम करतच ती आली होती.
काच खाली झाली
आणि आतून एका बाईचा आवाज आला,
मऊ, जरासुद्धा न रागावलेला.
'बायको?'
त्याने मान हलवली, फोनकडे बोट दाखवलं,
आणि मोडक्या इंग्रजीत सांगितलं ते असं:
पानेवेझीस सोडून अकरा दिवस झाले.
अकरा दिवसांत लिथुआनियन बोलणारी
ही एवढीच भेटली.
मी चुकलो तरी ओरडत नाही.
ती चुकली तरी ओरडत नाही.
म्हणते, थांब, नवा मार्ग शोधते.

शिव्या मेरेरिदने परत खिशात ठेवल्या.
पाचवा येईलच.
फावड्यावर मग ठेवून तिने चहा वर चढवला.
साखर नव्हती. तो काही बोलला नाही.
मग तिने पाटीवर टॉर्च मारावा तसा
एकेक अक्षरावर जोर देत शिकवलं: गील.
तो दुसऱ्या खेपेला नीट म्हणाला.
फोनपेक्षा बरा, ती म्हणाली, वेल्शमध्ये, स्वतःशी.

रात्रभर ती बाई मधूनमधून सांगत राहिली,
सरळ जा.
पहाटेकडे बॅटरी संपली.

सातला गेथिन ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आला.
रिमविदास खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर, मान मागे वळवलेली,
एका अनोळखी माणसाच्या तळव्याकडे बघत.
'अन ओल! अन ओल!'
म्हणजे मागे. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.
बोटभर मागे, मग वीतभर,
सव्वीस टब आतून खडखडत,
इव्होरची अकरा फूट भिंत हळूच आडवी होत.

हमरस्त्याला लागल्यावर त्याने हात केला.
फोन चार्जरला होता. बहुधा जागी झाली असेल.

मेरेरिद गुरुवारपर्यंत दगड रचत होती.
मोठे खाली, चपटे वर, फटींत चिपा.
सगळं बसलं,
आणि एक दगड उरला, पावाएवढा.
तिने तो फिरवून फिरवून पाहिला.
भिंतीत कुठे जागाच नव्हती त्याला.
शेवटी तिने तो पाटीच्या पायाशी ठेवला,
आणि येताना वेल तेवढी कापली.